दर तिसरा डाव

३ जून

भिंगरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चांगली चालती नोकरी सोडून तू पुन्हा कॉलेजात जाऊन बसलीस, तेही ‘मनोरंजन नेतृत्व आणि शिक्षण’ या विषयात पदव्युत्तर पदवी घ्यायला. म्हणजे लोकांना खेळायला लावण्याची एम. ए.! आमच्या लहानपणी ही पदवी गल्लीतल्या प्रत्येक दांडग्या पोरीकडे होती. रागावू नकोस. तू लहानपणापासून एका जागी टिकली नाहीस, म्हणून तर मी तुला भिंगरी म्हणते. आता निदान फिरण्याचीच पदवी मिळेल.

माझा हात बरा आहे. न्हाणीघरात पडले त्याला सात महिने झाले. मनगट जुळलंय, फक्त पेला उचलताना जरा थरथरतं. पण तुझ्या बापाला ते कोण सांगणार? परवा आला तो एक गुळगुळीत कागदाचं पुस्तक घेऊन. वृद्धनिवासाचं. त्यात खोली क्रमांक नऊवर त्यानं पेन्सिलीनं खूण केलेली. म्हणाला, “ताई, ऑक्टोबरअखेर बघू. तू अशीच घरात कोंडून बसलीस तर मी तुला एकटं ठेवणार नाही.” ठेवणार नाही म्हणे! मी काय कपाटावरचा डबा आहे?

तू लिहितेस की मागच्या रस्त्यावर नवं करमणूक केंद्र निघालंय, तिथं जात जा. मी वजनमापे खात्यात अठ्ठावीस वर्षं निरीक्षक होते. दुकानदार माझी छत्री बघून तराजू पुसायला घ्यायचे. अशा बाईनं आता फुगे फोडायचे का?

आणि फोन करू नकोस, पत्रच लिही. फोनवर माणूस काय बोलला ते नंतर नाकारता येतं.

तुझी आत्या

११ जून

आत्या,

वाकून नमस्कार, फार वाकले तर पाठ धरेल इतका!

हस खुशाल. पण इथं खरंच शिकवतात गं. नेत्यानं स्वतः उन्हाकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे समोरच्यांच्या डोळ्यांत ऊन जात नाही. खेळ ऐन रंगात आला की थांबवायचा, कंटाळा येईपर्यंत ओढायचा नाही. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसाला खेळात कसं आणायचं. त्याला हाक मारली तर तो आणखी टेकतो. त्यावर आमचे सर सबंध महिना बोलतात. काल मला पंचेचाळीस प्रौढ माणसांना रुमाल पळवायला लावायचं होतं. एक बँकेतले साहेब रुमाल घेऊन थेट घरी गेले.

केंद्रावर जा ना. बुद्धिबळाचे पट आहेत तिथं असं कळलं. तू ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना हरवायचीस ना? आठवड्यातून दोनदा गेलीस तरी बाबांना दिसेल की तू घराबाहेर पडतेस. मग त्या नऊ नंबरच्या खोलीचं नावही निघणार नाही.

प्रबंधाचा विषय विचारशील, तर तो अजून ठरतोय.

तुझी भिंगरी

२ जुलै

भिंगरी,

गेले बाई एकदाची. तुझ्यासाठी नाही, तुझ्या बापाचं तोंड बंद करायला. मंगळवार आणि शुक्रवार, चार ते सहा.

पूर्वी गोदाम होतं ते. भिंतीवर अजून ‘येथे टेकू नये’ असं लिहिलंय आणि त्याच्याखालीच सगळे टेकून बसतात. घड्याळ चार मिनिटं मागे आहे. टेबल टेनिसच्या टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलीय, त्यामुळे चेंडू डावीकडे जातो, आणि डावीकडे उभी राहणारी शिंपीणबाई स्वतःला फार हुशार समजते.

पहिल्या दिवशी मी खिडकीजवळ बसून होते. तेवढ्यात एक गृहस्थ आला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर. विचारलं नाही, बोलला नाही. माझ्यासमोर पट मांडला आणि एकटाच खेळायला लागला, तोही इतका गाढवासारखा की मला राहवेना. मी त्याचा घोडा उचलून योग्य घरात ठेवला. झालं, अडकले.

पण भिंगरी, कुठेतरी पाणी मुरतंय. हा माणूस चांगला खेळतो. दोन डाव मला सरळ हरवतो. मग एखाद्या डावात अचानक घसा खाकरतो आणि वजीर माझ्या उंटाच्या तोंडात नेऊन देतो. वर “अरेच्चा!” म्हणतो. खोट्या वजनाचा दुकानदार असंच “अरेच्चा” म्हणायचा. मी त्याचं नाव खोकलेराव ठेवलंय. आणि घरी जायच्या आधी हे खोकलेराव कोपऱ्यात उभं राहून निळ्या कागदावर काहीतरी लिहितात. काय लिहितात? मला हरवल्याचा हिशोब?

डोळ्यांत तेल घालून बघणार आहे.

तुझी आत्या

९ जुलै

आत्या,

तू गेलीस! वाचून वर्गातच ओरडले, सरांनी बाहेर काढलं.

पण तुला काय सगळ्यांच्यातच चोर दिसतो गं? चांगला खेळणाराही चुकतो. वर्षानुवर्षं मैदानावर ओरडून घसा बसला असेल बिचाऱ्याचा, म्हणून खाकरत असेल. आणि कागदावर किराण्याची यादीही असू शकते.

तिथं गेल्यापासून झोप कशी लागते? शिंपीणबाईशी आपण होऊन बोललीस की त्यांनीच सुरुवात केली? हसायला येतं का कधी? सविस्तर लिही, मला ऐकायला आवडतं.

तुझी भिंगरी

६ ऑगस्ट

भिंगरी,

बस. हे नीट वाच.

सत्तावीस डाव झाले. मी प्रत्येकाची नोंद ठेवली. तिसरा, सहावा, नववा, बारावा, असं करत सत्ताविसावा, एवढे नऊ डाव मी जिंकले. बाकी अठरा तो जिंकला. एकदाही चूक नाही! खरा हरणारा माणूस असा शिस्तीत हरत नाही गं. खरं वजनसुद्धा जरा इकडेतिकडे होतं. काटा रोज एकाच रेघेवर थांबायला लागला की आम्ही पहिल्यांदा तराजूच्या खाली हात घालून बघायचो.

तसा मी हात घातला. परवा पंख्याच्या वाऱ्यानं त्याचा एक निळा कागद उडून माझ्या खुर्चीशी आला. मी त्यावर पाय ठेवला आणि तो जाईपर्यंत पाय हलवला नाही. छापील तक्ता आहे, अकरा रकाने. त्यात पेननं लिहिलंय ते जसंच्या तसं देते:

“भिडू क्र. ४. वय ६६. एकटी राहते. उजवा हात थरथरतो. पटाकडे कमी, माणसाकडे जास्त बघते. संशयी. आज एकदाही हसली नाही.”

कळलं आता? एकटी राहते, हात थरथरतो, डोकं ठिकाणावर नाही. हे कुणाला हवंय? ऑक्टोबरअखेरीला कुणाला पुरावा दाखवायचाय? खोली क्रमांक नऊ!

कागद घरी आणून वाचला. मग घरात बसून राहिले नाही. काल दुपारी घराच्या बेचाळीस पायऱ्या उतरून चालत तुझ्या बापाच्या छापखान्यात गेले. यंत्र चालू होतं, चार माणसं कामाला होती. सगळ्यांसमोर विचारलं, “माझ्यावर पाळत ठेवायला माणूस नेमलास? मी पडले म्हणजे मेले का?” निळ्या कागदाचं सांगितलं, अकरा रकान्यांचं सांगितलं. त्यानं यंत्र बंद केलं. माझ्याकडे बघत राहिला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. शेवटी इतकंच, “ताई, बस, पाणी घे.”

गप्प बसणारा दोषी असतो, हे मी नोकरीत शिकले. माझ्या घराची दुसरी किल्ली त्याच्याकडे असते, मी पडले तेव्हा तीच वापरून तो आत आला होता. ती मी मागून घेतली. त्यानं जुडग्यातून काढून दिली, ‘राहू दे माझ्याकडे’ असंही म्हणाला नाही.

माझा धाकटा भाऊ आहे तो. त्याला मी कडेवर घेऊन शाळेत सोडलंय. फार वाईट वाटलं गं मला.

आता तू एकटीच राहिलीस मला लिहायला.

आत्या

१४ ऑगस्ट

आत्या,

बाबा असं करणार नाहीत. त्यांना मी ओळखते. तू ती किल्ली त्यांना परत दे, कृपा करून दे. तुला पुन्हा काही झालं तर दार कोण उघडणार?

तो माणूस एखादा अभ्यासकही असेल. आजकाल लोक कशाकशावर अभ्यास करतात. सगळ्याच कागदांमागे वाईट हेतू नसतो.

रविवारी घरी गेले होते. बाबांनी मला काही विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. ते मुकाट्यानं जेवले आणि छापखान्यात गेले.

परीक्षा जवळ आलीय, जास्त लिहीत नाही.

भिंगरी

२९ ऑगस्ट

भिंगरी,

किती छोटं पत्र! एरवी रुमाल पळवल्याचं दोन पानं लिहितेस.

मी केंद्रावर जाणं सोडलं नाही. का सोडू? चोर समोर बसलेला असताना निरीक्षक घरी बसतो का? काल अठ्ठेचाळिसावा डाव होता, म्हणजे त्याची हरायची पाळी. मी ठरवलं, आज आपणही हरायचं.

त्यानं घसा खाकरला, वजीर पुढे आणून ठेवला. मी घेतला नाही. माझा हत्ती त्याच्या घोड्यासमोर उघडा टाकला. त्यानं घेतला नाही. त्यानं उंट दिला, मी प्यादं सरकवलं. मी वजीर दिला, तो छताकडे बघायला लागला. पाऊण तास झाला आणि पटावरून एक सोंगटी उठली नाही. माणसं जमली. शिंपीणबाई म्हणाली, “अहो, बुद्धिबळ चाललंय की पाहुणचार? घ्या तुम्ही, नाही तुम्ही घ्या!”

आणि खोकलेराव फुटला. असा हसला की डोळ्यांतून पाणी आलं. मग मलाही आवरेना. किती महिन्यांनी हसले कोण जाणे. त्यानं कागद काढला नाही, हे मी बघितलं.

लोक पांगल्यावर मी विचारलं, “कुणी पाठवलं?” तो म्हणाला, “बाई, मला सांगायची परवानगी नाही. पण तुमचे भाऊ मला ओळखत सुद्धा नाहीत, आईशपथ.” मी म्हटलं, “पूर्वी काय करायचास?” म्हणाला, “शाळेत ड्रिल मास्तर होतो. बावीस वर्षं मैदानावर. आता या वयात पुन्हा शिकतोय.”

घरी येऊन तुझी पत्रं काढली. ९ जुलैचं पत्र. “वर्षानुवर्षं मैदानावर ओरडून घसा बसला असेल.”

मी तुला स्वेटर कळवला होता. खोकला कळवला होता. मैदान मी कधीच कळवलं नव्हतं, मलाच ते काल कळलं. मग तुझ्या पत्रात मैदान कुठून आलं?

आणि झोप कशी लागते, हसते का, आपण होऊन बोलते का! मला वाटलं, पोर काळजी करतेय.

उत्तर एका शब्दात दिलंस तरी चालेल. हो की नाही?

आत्या

४ सप्टेंबर

आत्या,

हो.

तो माझ्या वर्गात आहे, आमच्यातला सर्वांत वयस्क विद्यार्थी. त्याच्या प्रबंधासाठी मी त्याच्या गावातल्या मुलांच्या गटात जाऊन बसते, तो माझ्यासाठी तुमच्या केंद्रात. माझ्या प्रबंधाचा विषय ११ जूनला ठरलेला होता: खेळापासून दूर बसलेल्या माणसाला परत आणायची पद्धत. माणसाला सलग तीनदा हरू द्यायचं नाही, तिसरा डाव सोडायचा, आणि सोडतोय हे त्याला कळू द्यायचं नाही. कळलं तर अभ्यास वाया, म्हणून तुला सांगितलं नाही. केंद्रातल्या सहा जणांवर नोंदी आहेत. तू चौथी.

सुरुवातीला मला खरंच वाटलं होतं की तुझं भलं होईल आणि माझंही काम होईल. दोन्ही एकदम. तुझं ६ ऑगस्टचं पत्र आलं तेव्हा मी थांबवायला हवं होतं. बाबांवर आळ आला तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी आठ दिवस पत्र लिहीत होते आणि फाडत होते. शेवटी जे पाठवलं त्यात एक शब्द खरा नव्हता, फक्त किल्लीचा सोडून. मला भीती वाटत होती, प्रबंधाची आणि तुझी. लाज वाटते आहे आत्या.

सगळे निळे कागद सोबत पाठवते. माझ्याकडे एकही प्रत ठेवलेली नाही. त्यांच्याखाली एक संमतीपत्र आहे. अभ्यास संपल्यावर प्रत्येक भिडूला सगळं सांगून त्याची सही घ्यावी लागते. बाकी पाचांना मास्तर सांगतील. तुझ्याशिवाय प्रबंध उभा राहत नाही, सगळ्यांत जास्त नोंदी तुझ्याच आहेत. सही नसेल तर माझं वर्ष जाईल. जाऊ दे. वाटलं तर फाडून टाक.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू?

भिंगरी

२७ सप्टेंबर

भिंगरी,

तीन आठवडे लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं ते तुला वाचवलं नसतं.

तुला लहानपणीचं आठवत असेल. लिंबूटिंबू पोरांना मोठी मुलं खेळात घेतात, पण कच्चा लिंबू म्हणून. तो बाद झाला तरी बाद नाही, जिंकला तरी जिंकला नाही. सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त त्याला नसतं. तू मला कच्चा लिंबू केलंस. सहासष्टाव्या वर्षी! पाळत ठेवल्याचा राग तर आलाच, पण याचा जास्त आला. पहिले दोन आठवडे मी केंद्रावर गेले नाही. खिडकीत बसून राहिले आणि मला वाटलं, धाकट्याचं खरं होतं, नऊ नंबरच बरा.

मग कागद काढले. फाडायला काढले होते, पण वाचत गेले. सवय जात नाही. लाल पेन्सिल घेतली. तुझ्या मास्तरच्या नोंदी बिनचूक आहेत, चूक तुझ्या रकान्यात आहे. शेवटच्या रकान्यात, ‘सहभाग वाढण्याचे कारण’ या शीर्षकाखाली तू प्रत्येक कागदावर लिहिलंयस: ‘तिसरा डाव सोडण्याची पद्धत’. साफ खोटं. ते मी सगळीकडे खोडलं आणि खरं कारण लिहिलं: ‘संशय’. मी जिंकायला जात नव्हते गं. मी त्याला पकडायला जात होते. मंगळवारी दोन वाजल्यापासून तयार होऊन बसायचे. निवृत्त झाल्यापासून मला तपासायला कुणी काही दिलंच नव्हतं. हे तुझ्या सरांना दाखव, त्यांना महिनाभर बोलायला आणखी एक विषय होईल.

आता मुख्य गोष्ट. काल मी किल्ली घेऊन छापखान्यात गेले. त्याच चार माणसांसमोर म्हटलं, “माझं चुकलं. तू माणूस नेमला नव्हतास.” धाकटा म्हणाला, “ठाऊक आहे.” मी म्हटलं, “तुला ठाऊक असणारच, पण तेव्हा ‘नाही’ असं का म्हणाला नाहीस?” त्यानं टेबलाचा खालचा खण ओढला आणि उरलेला गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. निळे कागद. अकरा रकाने.

त्यानंच छापलेत ते. तूच जूनमध्ये त्याच्याकडून छापून घेतलेस आणि विसरलीस. मी रकाने सांगायला लागले त्याच क्षणी त्याला कळलं होतं, हे कुणाचं काम आहे.

मी विचारलं, “मग माझ्या शिव्या का खाल्ल्यास? किल्ली का दिलीस?” म्हणाला, “ताई, तुझा राग मला नवा नाही, तो जातो. पोरीनं नोकरी सोडून घेतलेलं शिक्षण आहे. मी नाही म्हटलं असतं तर तू दुसऱ्या मिनिटाला तिच्यापर्यंत पोचली असतीस.”

रविवारी तू त्याच्यासमोर बसून जेवलीस ना? त्याला सगळं ठाऊक होतं. तू सांगशील म्हणून तो वाट बघत होता.

नऊ नंबरचं विचारलं. मी भांडून गेले त्याच दिवशी त्यानं ती खोली नको म्हणून कळवली. म्हणे, जी बाई बेचाळीस पायऱ्या उतरून, वीस मिनिटं उन्हात चालत येऊन, यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून भांडते, तिला वृद्धनिवासात कोण घेईल? मी तिथंच यंत्राजवळच्या स्टुलावर बसून रडले. कामगार बाहेर जाऊन उभे राहिले, शहाणी माणसं आहेत.

संमतीपत्रावर सही केली आहे. खाली एक ओळ माझ्या हातानं लिहिली आहे: ‘लाल पेन्सिलीच्या दुरुस्त्यांसह.’ त्या गाळल्यास तर मी स्वतः येऊन तुझ्या परीक्षकांसमोर बसेन.

केंद्रावर जाते आहे. मास्तर आता सरळ खेळतो. शुक्रवारी मी चारही डाव हरले. फार बरं वाटलं.

रविवारी ये. पण आधी तुझ्या बापाकडे जा आणि जे सांगायचं ते सांग, मला ऐकवू नकोस. मग दोघं मिळून इकडे या. किल्ली त्याच्याकडे आहे, त्यानंच दार उघडायचं. तू एकटी येऊन बेल वाजवलीस, तर मी खुर्चीतून उठणार नाही.

तुझी आत्या